पंचायत आणि पालिकेचा वर्षाचा हिशोब: गोव्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जानेवारी, एप्रिल, जुलै किंवा ऑक्टोबर जवळ आला की ग्रामसभेची चर्चा सुरू होते आणि हेच प्रश्न पुन्हा येतात. पंचायतीने वर्षभरात काय केले? तिला मदत कोणी केली? पैसा कुठून आला? अहवालात लिहिलेले काम खरोखर तिचे आहे, हे कसे ओळखायचे? पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा या भागांतल्या वाचकांनी सर्वाधिक वेळा विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. आधी मूलभूत गोष्टी आहेत, अडचणीचे प्रश्न पुढे येतील.

1. गोव्यात स्थानिक स्वराज्य संस्था किती आणि कोणत्या?

ग्रामपंचायती 191, जिल्हा पंचायती 2 (उत्तर आणि दक्षिण), नगरपालिका 13 आणि पणजी महानगरपालिका. नगरपालिका अशा: म्हापसा, मडगाव, मुरगाव, फोंडा, डिचोली, साखळी, वाळपई, पेडणे, कुंकळ्ळी, केपे, कुडचडे-काकोडा, सांगे आणि काणकोण. ग्रामपंचायती आणि जिल्हा पंचायती 1994 च्या गोवा पंचायत राज कायद्याने चालतात, नगरपालिका 1968 च्या कायद्याने, तर पणजीसाठी 2002 चा वेगळा कायदा आहे.

महाराष्ट्रात राहिलेले लोक इथे पंचायत समिती कुठे आहे असे विचारतात. ती नाही. 20 लाखांपेक्षा कमी लोकसंख्येच्या राज्याला मधला स्तर न ठेवण्याची मोकळीक राज्यघटनेने दिली आहे. 2011 च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या 14,58,545 होती. तालुक्याला गटविकास कार्यालय असते, पण ते सरकारी कार्यालय आहे, तिथे निवडून आलेले सभागृह नसते.

2. सरपंच, सचिव, गटविकास अधिकारी यांच्यापैकी कोणाला काय विचारायचे?

निर्णयाबद्दल सरपंचाला आणि पंचांना विचारा, कागदाबद्दल सचिवाला. लोकसंख्येनुसार पंचायतीत 5 ते 11 पंच असतात आणि ते आपल्यातून सरपंच निवडतात. सरपंच थेट मतदारांकडून निवडला जात नाही. सचिव हा सरकारी कर्मचारी. इतिवृत्त, हिशोबाच्या वह्या आणि परवान्यांच्या फायली त्याच्या ताब्यात असतात, आणि त्याची बदली होत असते. त्याच्यावर देखरेख गटविकास अधिकाऱ्याची आणि त्याच्या वर पंचायत संचालनालयाची. पालिकेत नगरसेवक नगराध्यक्ष निवडतात आणि प्रशासन मुख्याधिकारी पाहतो. पणजीत महापौर आणि आयुक्त आहेत.

3. ग्रामसभा कधी होते आणि तिथे बोलण्याचा अधिकार कोणाला?

नियमित ग्रामसभा वर्षातून चार, जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरमधल्या एखाद्या रविवारी. याशिवाय 26 जानेवारी, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर आणि 19 डिसेंबर या दिवसांशी जोडलेल्या खास सभा असतात. पंचायत क्षेत्राच्या मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक जण ग्रामसभेचा सदस्य असतो. घर कोणाच्या नावावर आहे किंवा घरपट्टी कोण भरतो, यावर ते अवलंबून नाही. गावात भाड्याने राहणाऱ्याचे नाव यादीत असेल तर त्याचा अधिकार पूर्ण. गावात वडिलोपार्जित घर आहे पण मतदान पणजीत, अशा माणसाला मात्र सदस्य म्हणून मत देता येत नाही.

प्रश्न आधी लेखी द्या आणि पोचपावती घ्या. आयत्या वेळी विचारलेल्या प्रश्नाला बहुतेकदा "पाहून सांगतो" एवढेच उत्तर मिळते.

4. वर्षाच्या कामाचा अहवाल म्हणून पंचायतीने नेमके काय ठेवले पाहिजे?

ग्रामसभेपुढे तीन कागद यायला हवेत आणि ते एकत्रच वाचायला हवेत: मागच्या आर्थिक वर्षाचा जमाखर्च, त्या वर्षाचा प्रशासन अहवाल, आणि शेवटच्या लेखापरीक्षणातले आक्षेप व त्यांना दिलेली उत्तरे. पुढच्या वर्षाचे अंदाजपत्रकही याच चर्चेचा भाग आहे.

अनेक ठिकाणी प्रशासन अहवाल तेवढा वाचून दाखवला जातो. कामांची यादी लांब असते, टाळ्या पडतात आणि सभा पुढच्या विषयाकडे जाते. माझा आग्रह लेखापरीक्षणाच्या कागदासाठी आहे. कामांची यादी पंचायत स्वतः लिहिते, आक्षेप बाहेरचा माणूस वह्या पाहून लिहितो. घरपट्टीची थकबाकी किती वर्षांची आहे, कोणत्या कामाचे मोजमाप नोंदलेले नाही, कोणते अनुदान खर्च न होता पडून आहे, हे सगळे त्यात सापडते. तोच आक्षेप दोन-तीन वर्षे परत परत आला असेल, तर अडचण कुठे आहे हे वेगळे शोधावे लागत नाही.

5. अहवालात रस्ता, पथदिवे, पाण्याची टाकी असे सगळे असते. ही सगळी कामे पंचायतीचीच का?

बहुतेकदा नाही. आणि वर्षाची कामगिरी मोजताना सर्वात जास्त गल्लत इथेच होते.

गावातला मुख्य रस्ता सार्वजनिक बांधकाम खात्याचा असू शकतो. विजेच्या खांबाचे काम वीज खात्याचे. नळाचे पाणी राज्याच्या पाणीपुरवठा यंत्रणेचे. एखादा सभामंडप आमदार किंवा खासदार निधीतून झालेला असतो, गटार जिल्हा पंचायतीच्या पैशांतून. दीनदयाळ पंचायत राज पायाभूत विकास योजनेसारख्या राज्याच्या योजनेतून पंचायत घराची इमारत उभी राहते. गावकऱ्याला याने काय फरक पडतो, काम झाले ना, असे काही जण म्हणतात. फरक पडतो. पंचायतीने पाठपुरावा करून दुसऱ्या खात्याकडून काम मिळवले असेल तर ते तिचे श्रेय आहेच, आणि ते तसेच लिहावे. पण तिच्या स्वतःच्या पैशांतून, स्वतःच्या ठरावाने वर्षभरात काय झाले, हे वेगळे दिसले नाही तर पंचायत सुधारते आहे की नुसती नावे जोडते आहे, हे कोणालाच कळत नाही.

म्हणून यादीतल्या प्रत्येक मोठ्या कामाबद्दल विचारा: ठराव कोणाचा होता? पैसे कोणाचे होते? काम कोणी करून घेतले? आणि आता देखभाल कोणाकडे आहे? शेवटच्या प्रश्नाला उत्तर नसेल तर दोन पावसाळ्यांनंतर त्या कामाची काय अवस्था होते ते आपण सगळेच पाहतो.

6. पंचायतीला पैसे मिळतात तरी कुठून?

स्वतःचे उत्पन्न म्हणजे घरपट्टी, व्यवसाय परवान्याचे शुल्क, बांधकाम परवान्याचे शुल्क, फलकांवरचा कर आणि बाजारातला सोपो, म्हणजे विक्रेत्यांकडून जागेसाठी घेतले जाणारे शुल्क. राज्याकडून जकातीऐवजी मिळणारे अनुदान आणि वेगवेगळ्या योजनांचे पैसे येतात. केंद्राकडून वित्त आयोगाचा निधी येतो, त्याच्या अटी पुढच्या प्रश्नात आहेत.

इथे गावागावांत मोठी तफावत आहे. कळंगुट किंवा कांदोळीसारख्या किनारी पंचायतीत हॉटेले, दुकाने आणि बांधकामे यांच्या परवान्यांतूनच मोठी रक्कम जमते. सत्तरी किंवा सांगे तालुक्यातल्या डोंगराकडच्या पंचायतीत घरे विखुरलेली, दुकाने थोडी. दोघींच्या कामांची यादी शेजारी ठेवून तुलना करणे अन्यायाचे आहे. तुलना करायचीच तर त्याच पंचायतीच्या मागच्या तीन-चार वर्षांशी करा, आणि घरपट्टीची वसुली दरवर्षी किती टक्के होते ते आधी पाहा.

7. वित्त आयोगाचे पैसे आले आहेत, मग पंचायत त्यातून सभागृह किंवा रस्ता का करत नाही?

कारण मोठा हिस्सा बांधील आहे. पंधराव्या वित्त आयोगाने 2021-22 ते 2025-26 या काळासाठी ग्रामीण संस्थांना दिलेल्या निधीपैकी 60 टक्के रक्कम ठरावीक कामांसाठीच होती. त्यातली निम्मी स्वच्छता आणि हागणदारीमुक्त स्थिती टिकवण्यासाठी, निम्मी पिण्याचे पाणी, पावसाचे पाणी साठवणे आणि पाण्याचा पुनर्वापर यांसाठी. उरलेले 40 टक्के गावाच्या गरजेनुसार वापरता येत होते, पण पगार आणि कार्यालयाचा रोजचा खर्च त्यातून करता येत नव्हता.

पैसे मिळण्यासाठीही अट होती. आदल्या वर्षाचे तात्पुरते आणि त्याआधीच्या वर्षाचे तपासलेले हिशोब ऑनलाइन खुले करावे लागत. म्हणजे हिशोब वेळेवर न लिहिणाऱ्या पंचायतीचे नुकसान थेट गावाच्या पाण्याचे आणि स्वच्छतेचे. ई-ग्रामस्वराज या संकेतस्थळावर पंचायतीचे नाव निवडून आराखडा आणि खर्च घरबसल्या पाहता येतो. ग्रामसभेला जाण्याआधी तेवढे पाहून जा.

8. आमच्या पंचायतीत पाच-सात पंच, एक सचिव, दोन कारकून. नकाशे, कायदा, निविदा हे त्यांना कोण शिकवते?

प्रशिक्षणासाठी जुन्या गोव्यात एला येथे गोवा लोकप्रशासन आणि ग्रामीण विकास संस्था आहे, ती जिपार्ड या नावाने ओळखली जाते. निवडून आलेले पंच आणि कर्मचारी यांच्यासाठी तिथे वर्ग चालतात. तांत्रिक मंजुरी आणि मार्गदर्शन गटविकास कार्यालय व संचालनालयाकडून मिळते. 2020 मध्ये सुरू झालेल्या स्वयंपूर्ण गोवा उपक्रमात प्रत्येक पंचायतीसाठी एक सरकारी अधिकारी स्वयंपूर्ण मित्र म्हणून नेमला गेला. योजना लोकांपर्यंत पोहोचवणे आणि पंचायतीच्या अडचणी खात्यांकडे नेणे हे त्याचे काम.

या मदतीची खरी परीक्षा वर्षाच्या शेवटी होते. किती वर्ग झाले, किती जण हजर होते, हे आकडे लिहायला सोपे असतात. विचारायला हवे ते असे: नव्याने निवडून आलेल्या पंच बाईंना आता अंदाजपत्रक वाचता येते का? निविदेची फाइल तालुक्यातून परत येण्याचे प्रमाण कमी झाले का? गोव्यात महिलांसाठी एक तृतीयांश जागा राखीव आहेत. पहिल्यांदाच निवडून येणाऱ्या अनेक जणी प्रश्न विचारायला तयार असतात, पण त्यांना कागद कोणी समजावून देत नाही. वर्षाच्या अहवालात या एका गोष्टीसाठी मला वेगळे पान हवे आहे.

9. इतर ठिकाणी पंचायती-पालिकांचा स्वतःचा संघ असतो असे ऐकतो. तो काय करतो?

सदस्य संस्था वर्गणी देतात आणि एकेकटीला न परवडणारी कामे संघ सर्वांसाठी करतो. सरकारशी एका आवाजात बोलणे, नव्या कायद्याचा अर्थ लावून देणे, एकत्र खरेदी करणे, वकील आणि अभियंते उपलब्ध करून देणे, नव्या सदस्यांना शिकवणे, अशी ही कामे. नेदरलँड्समध्ये नगरपालिकांचा संघ 1912 पासून आहे आणि पालिका कर्मचाऱ्यांच्या वेतनाचा करारही सर्व पालिकांच्या वतीने तोच करतो. इंग्लंडमधला सध्याचा संघ 1997 मध्ये स्थापन झाला. दक्षिण आफ्रिकेच्या राज्यघटनेतच अशा संघटित प्रतिनिधित्वाची तरतूद आहे. आपल्याकडे केरळात ग्रामपंचायतींची असोसिएशन आहे आणि तिच्या जोडीला त्रिशूरजवळ किला ही प्रशिक्षण संस्था. शहरांच्या बाबतीत मुंबईत 1926 साली सुरू झालेली अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्था आजही स्वच्छता निरीक्षकांपासून अनेकांना प्रशिक्षण देते.

इंग्लंडच्या संघाची एक पद्धत गोव्यात जरूर यावी असे मला वाटते. एका परिषदेतले अनुभवी सदस्य आणि अधिकारी दुसऱ्या परिषदेत काही दिवस जाऊन बसतात, कागद पाहतात, लोकांशी बोलतात आणि चांगले-वाईट दोन्ही लिहून देतात. तपासणारे वरून आलेले अधिकारी नसतात, तेच काम स्वतःच्या गावात करणारे असतात. फोंड्याजवळच्या पंचायतीने कचऱ्याची शेड कशी चालवली, हे काणकोणच्या पंचांनी तिथे जाऊन पाहिले, तर कुठल्याही परिपत्रकापेक्षा जास्त उपयोग होईल.

अशा संघाचा वार्षिक अहवाल वाचतानाही प्रश्न 5 मधलीच काळजी घ्यावी लागते. सरकारने वाढवलेले अनुदान संघाच्या मागणीमुळे वाढले की आधीच ठरलेले होते? किती सदस्यांना सल्ला दिला, यासोबत त्यांतल्या किती जणांचे काम मार्गी लागले हेही लिहिले आहे का? आणि लहान, दूरच्या सदस्यांना मोठ्यांइतकाच वाटा मिळाला का?

10. कचऱ्याचे काम पंचायतीचे की सरकारचे?

घरोघरी गोळा करणे आणि सुका कचरा वेगळा करून साठवणे पंचायतीचे किंवा पालिकेचे. मोठ्या प्रमाणावर प्रक्रिया करण्यासाठी राज्याचे कचरा व्यवस्थापन महामंडळ आहे. उत्तरेत साळगावचा प्रकल्प 2016 मध्ये सुरू झाला, दक्षिणेसाठी काकोड्याला प्रकल्प आहे.

सुका कचरा वेगळा करण्यासाठी पंचायतींनी शेड उभारावी यासाठी मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने पाठपुरावा केला. तरी अनेक गावांत काम अडले ते जागेवरून. जमीन एक तर खासगी असते, नाही तर कोमुनिदादची (प्रश्न 11 पाहा), आणि जिथे सुचवावी तिथल्या वाड्याचा विरोध. म्हणून अहवालात "शेडचे काम प्रगतिपथावर" असे सलग दुसऱ्या वर्षी दिसले, तर जागेची नेमकी कायदेशीर स्थिती काय, हे विचारा.

11. कोमुनिदाद आणि पंचायत एकच का?

नाही. कोमुनिदाद ही गावकारांची, म्हणजे गावच्या मूळ घराण्यांच्या वंशजांची जुनी संस्था, तिच्या मालकीच्या जमिनी असतात आणि तिचा कारभार 1961 च्या कोमुनिदाद संहितेनुसार चालतो. पंचायत सर्व मतदारांची, निवडून आलेली. पंचायत कोमुनिदादच्या जमिनीबद्दल स्वतःहून निर्णय घेऊ शकत नाही आणि कोमुनिदाद बांधकाम परवाना देऊ शकत नाही. एकाच जागेच्या प्रकल्पाला दोन्हींची संमती लागते, ती दोन वेगळ्या कागदांवर.

12. पंचायतींना गुण देणारा केंद्राचा निर्देशांक किती विश्वासाने घ्यावा?

पंचायत अ‍ॅडव्हान्समेंट इंडेक्स एप्रिल 2025 मध्ये पहिल्यांदा जाहीर झाला, त्यातली माहिती 2022-23 ची. गरिबी, आरोग्य, मुले, पाणी, स्वच्छ व हिरवे गाव, सुशासन अशा 9 विषयांवर गुण मिळतात. 90 किंवा जास्त गुण म्हणजे सर्वात वरची श्रेणी, 40 च्या खाली सर्वात खालची. एकूण गुणांपेक्षा विषयवार गुण पाहा, कारण सरासरीत एखाद्या विषयातला कमकुवतपणा झाकला जातो. आणि बरीच माहिती गावपातळीवरूनच भरली जाते हे लक्षात ठेवा.

13. वर्षाच्या मध्येच सरपंच बदलला किंवा प्रशासक आला. हिशोब कोण देणार?

पंचायतच. अविश्वास ठरावाने सरपंच गेला तरी संस्था तीच राहते. नव्या सरपंचाला "ते माझ्या आधीचे" असे सांगून प्रश्न टाळता येत नाही, वह्या सचिवाकडे असतातच. 2022 मध्ये पंचायतींची मुदत जूनमध्ये संपली, प्रशासक नेमले गेले आणि न्यायालयाच्या आदेशानंतर 10 ऑगस्टला 186 पंचायतींसाठी मतदान झाले. त्या मधल्या काळातले खर्चही त्या वर्षाच्या जमाखर्चातच आहेत.

याला जोडून निवडणुकांबद्दलही विचारले जाते. मार्च 2021 मध्ये गोव्यातल्या पालिका निवडणुकांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की सरकारी पदावरच्या व्यक्तीला राज्य निवडणूक आयुक्त म्हणून अतिरिक्त कार्यभार देता येणार नाही, आयुक्त स्वतंत्र असला पाहिजे. हा निकाल देशभर लागू झाला, आणि तो आपल्या छोट्या राज्यातल्या नागरिकांनी दाद मागितल्यामुळे आला.

14. अर्ज मराठीत दिला तर चालतो का?

चालतो. 1987 च्या राजभाषा कायद्यानुसार कोकणी राजभाषा आहे आणि शासकीय कामांसाठी मराठीचाही वापर करता येतो. मराठीत आलेल्या पत्राला मराठीत उत्तर देण्याचे सरकारचे धोरणही आहे. "इंग्रजीत लिहून आणा" असे कोणी म्हटले तर शांतपणे अर्ज तिथेच द्या आणि पोच मागा.

15. कागद दाखवत नसतील तर?

माहिती अधिकाराचा अर्ज करा. शुल्क 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. ग्रामपंचायतीत माहिती अधिकारी सचिव असतो, पहिले अपील गटविकास अधिकाऱ्याकडे, पुढचे पणजीतल्या राज्य माहिती आयोगाकडे. देशाचा कायदा 2005 मध्ये आला, पण गोव्याने स्वतःचा माहिती अधिकार कायदा 1997 मध्येच केला होता. अर्जात "सर्व कामांची माहिती" असे मोघम लिहू नका. कामाचे नाव, वर्ष आणि हवा असलेला कागद लिहा, उदाहरणार्थ मोजमाप पुस्तिकेची प्रत.

16. आम्ही म्हापशात राहतो. आम्हाला ग्रामसभा नाही, मग पालिकेला कुठे विचारायचे?

ही खरी उणीव आहे. राज्यघटनेने प्रभाग समित्या सक्तीच्या केल्या त्या 3 लाख किंवा जास्त लोकसंख्येच्या शहरांसाठी, आणि गोव्यातले एकही शहर तेवढे मोठे नाही. 2011 च्या जनगणनेत गोव्याचे 62 टक्के लोक नागरी भागात होते. जनगणनेने नागरी ठरवलेली बरीच गावे अजून पंचायतींखाली आहेत, त्यांना ग्रामसभा मिळते. पालिका क्षेत्रातल्या रहिवाशाला तसे व्यासपीठ नाही.

तरीही करता येण्यासारखे आहे. अंदाजपत्रक मांडण्याआधी प्रभागाच्या मागण्या नगरसेवकाकडे लेखी द्या, मंजूर अंदाजपत्रकाची आणि बैठकीच्या इतिवृत्ताची प्रत मागा, आणि वर्ष संपल्यावर दोन्हींची जुळणी करा. काही वाड्यांवर रहिवासी मिळून हे करतात आणि नगरसेवकांना बोलावून घेतात. पालिकेने स्वतः ठराव करून प्रभागसभा सुरू करावी, अशी मागणी तुम्ही करू शकता.

17. ग्रामसभेने ठराव केला, पंचायतीने तो बाजूला ठेवला. पुढे काय?

आधी ठराव इतिवृत्तात नेमका कोणत्या शब्दांत नोंदला आहे ते पाहा. सभेत झालेली चर्चा आणि वहीतली नोंद वेगळी असल्याच्या तक्रारी खूप येतात, म्हणून पुढच्या सभेत इतिवृत्त वाचले जाताना हजर राहा आणि चूक तिथेच दुरुस्त करून घ्या. त्यानंतर ठरावावर काय कार्यवाही झाली हे लेखी विचारा, उत्तर न आल्यास गटविकास अधिकाऱ्याकडे आणि मग पंचायत संचालकांकडे जा.

एक मर्यादा मात्र आहे. कायद्याने ठरलेल्या निकषांवर जो परवाना द्यायचा किंवा नाकारायचा असतो, तो निव्वळ हात वर करून ठरत नाही. एखाद्या मोठ्या बांधकामाला गावाचा विरोध असेल, तर ठरावात "गावाला नको" एवढेच लिहू नका. रस्त्याची रुंदी, विहिरींचे पाणी, शेताची जमीन, सांडपाण्याची व्यवस्था, प्रादेशिक आराखड्यातली नोंद, अशी कारणे लिहा आणि प्रत नगर नियोजन खात्याला पाठवा. कारणे नोंदलेली असली की पंचायतीला आणि नगर नियोजन खात्याला त्यांची उत्तरे द्यावी लागतात, आणि प्रकरण पुढे न्यायालयात गेले तर हाच कागद उपयोगी पडतो.